बडोद्याहून परदेशी: थंड आणि गोठवलेले अन्न विमानाने पाठवताना

गणपतीला अजून दोन-अडीच महिने असतात, तेव्हापासूनच बडोद्यातल्या दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांकडे दुबई, मस्कत, न्यू जर्सी येथून विचारणा सुरू होते. उकडीचे मोदक, पुरणपोळी, अळूवडी पाठवाल का, असे तिकडचे दुकानदार विचारतात. ज्यांचे मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) छोटे युनिट आहे किंवा घरगुती व्यवसाय वाढवून नुकताच परवाना घेतला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. या कामात काही वर्षे घालवल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. नवा माणूस तापमानाच्या आकड्याकडे पाहत राहतो. पाहायला हवे ते तासांकडे. माल कोणाच्या ताब्यात किती तास राहणार आहे, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो कुठे थांबणार आहे आणि त्या ठिकाणी सावली, कोल्ड रूम किंवा जबाबदार माणूस आहे का, याचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पहिली ऑर्डर स्वीकारू नये.

आधी पदार्थ आणि देश ठरवा

व्यवहारात ‘चिल्ड’ म्हणजे साधारण ० ते ५ अंश सेल्सिअसवर राखलेला माल आणि ‘फ्रोझन’ म्हणजे उणे १८ अंश किंवा त्याखाली राखलेला माल. नवशिक्याने फ्रोझनपासून सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण गोठलेल्या मालाला चार-सहा तासांचा उशीर बहुधा सोसतो, चिल्ड मालाला सोसत नाही. ताजी फळे-भाज्या हा तर वेगळाच विषय आहे. फळ तोडल्यावरही श्वसन करते आणि उष्णता सोडते, म्हणून खोक्याला हवेची छिद्रे लागतात. शिवाय प्रत्येकाचे मानवणारे तापमान निराळे असते. द्राक्षे शून्याजवळ उत्तम राहतात, पण हापूस किंवा केसर १२-१३ अंशांच्या बराच खाली नेला तर साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. ताज्या मालाला प्लांट क्वारंटाइन विभागाचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, लागतो आणि अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर किमान ४०० ग्रे मात्रेची विकिरण प्रक्रिया करावी लागते. ती सोय २०२२पासून अहमदाबादजवळच्या बावळा येथे उपलब्ध आहे.

पदार्थात दूध, खवा, तूप, अंडी किंवा मांस असेल तर प्राणिजन्य घटकांचे नियम लागू होतात आणि ते देशागणिक फार बदलतात. पुरणात एक चमचा तूप आहे एवढ्यावरून एखाद्या देशात माल अडू शकतो. म्हणून घटकांची संपूर्ण यादी, टक्केवारीसह, आयातदाराला पाठवावी आणि ‘हा पदार्थ आमच्याकडे येऊ शकतो’ असे लेखी उत्तर आल्यावरच पुढचे पाऊल टाकावे. मोदकाच्या सारणात खवा न घालता नारळ-गूळच ठेवला, तर बरीच दारे सहज उघडतात.

कागदपत्रे: एकदाच करायची आणि दरवेळी करायची

एकदाच करायच्या कामांत पहिले आयईसी. हा परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड पॅनवर आधारलेला असतो, ऑनलाइन मिळतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती पोर्टलवर जाऊन कायम करावी लागते. ते राहिले तर कोड निष्क्रिय होतो आणि नेमके माल निघायच्या दिवशी ते लक्षात येते. त्यानंतर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना आणि अपेडा या शेतमाल-अन्न निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, जिला आरसीएमसी म्हणतात. प्रक्रिया केलेले अन्न, फळे-भाज्या आणि दुग्धजन्य पदार्थ अपेडाकडे येतात, मासळी एम्पेडा या सागरी उत्पादनांच्या निर्यात संस्थेकडे. बँकेकडून एडी कोडचे, म्हणजे परकीय चलनाचा व्यवहार पाहणाऱ्या शाखेच्या क्रमांकाचे, पत्र घ्यावे आणि ज्या विमानतळावरून माल जाणार तेथील कस्टमकडे तो कोड आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या पोर्टलवर, नोंदला गेला आहे, याची स्वतः खात्री करावी. जीएसटी न भरता निर्यात करायची असेल तर एलयूटी, म्हणजे हमीपत्राचा अर्ज, दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावा लागतो.

दरवेळी लागणाऱ्या कागदांत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा तपशील), एअरवे बिल (विमान कंपनीची माल वाहतुकीची पावती) आणि आयातदार मागेल ती प्रमाणपत्रे येतात. शिपिंग बिल सीएचए, म्हणजे कस्टमचे काम करणारा दलाल, भरतो, परंतु त्यात काय लिहिले आहे हे वाचण्याचे काम आपलेच आहे. मालाचे वर्णन ‘फूड आयटम्स’ असे मोघम कधीही लिहू देऊ नये. युरोप आणि अमेरिकेला जाणाऱ्या मालाची माहिती विमानात चढवण्याआधीच तिकडच्या यंत्रणांकडे जाते आणि मोघम वर्णनामुळे खोके बाजूला काढून ठेवले जाते. ‘गोठवलेले उकडीचे मोदक, तांदळाचे पीठ, नारळ, गूळ’ असे लिहावे आणि सोबत सहा अंकी एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, द्यावा.

संयुक्त अरब अमिरातीशी झालेला व्यापार करार १ मे २०२२पासून लागू आहे. त्याचा लाभ घ्यायचा तर माल निघण्यापूर्वी उत्पत्तीचे प्रमाणपत्र काढावे, म्हणजे आयातदाराचा सीमाशुल्क वाचतो आणि पुढची ऑर्डर येण्याची शक्यता वाढते. दुबईत लेबलची नोंदणी आयातदाराने आधी करायची असते, लेबलवर अरबी मजकूर लागतो. अमेरिकेसाठी कारखान्याची एफडीए या तिथल्या अन्न व औषध यंत्रणेकडे नोंदणी हवी, ती सम वर्षांत १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबरदरम्यान नूतनीकृत करावी लागते आणि प्रत्येक खेपेची पूर्वसूचना, म्हणजे प्रायर नोटिस, विमान तेथे उतरण्याच्या किमान ४ तास आधी द्यावी लागते. ती शेवटच्या घटकेपर्यंत ठेवू नये. अमेरिकेच्या लेबलवर आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या नजरेतून सुटते. १ जानेवारी २०२३पासून तीळ हा तिथे मुख्य ॲलर्जी-घटकांत मोजला जातो. गुळपोळी किंवा तिळाचे सारण पाठवणाऱ्याने तो स्पष्ट लिहिलाच पाहिजे.

गोठवणे

घरच्या डीप फ्रीझरमध्ये मोदक गोठतात, पण फार सावकाश गोठतात. सावकाश गोठताना पाण्याचे मोठे स्फटिक बनतात, ते तांदळाच्या उकडीची पारी आतून फाडतात आणि तिकडे वाफवल्यावर मोदक तडकतो. ब्लास्ट फ्रीझरमध्ये उणे ३५ अंशांच्या आसपासची वेगवान हवा असते. त्यात माल लवकर गोठतो. स्वतःचा घेणे परवडत नसेल तर भाड्याने वापरू देणारे कोल्ड स्टोरेज शोधावे. मोदकाच्या पोटात तापमापकाची सुई घालून उणे १८ दिसेपर्यंत तो पॅक करू नये. ड्राय आइस आहे, वाटेत गोठेल, हा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. अर्धवट गोठलेला माल भरला की ड्राय आइसची सगळी शक्ती माल गोठवण्यात जाते आणि प्रवासासाठी काहीच उरत नाही.

खोके आणि ड्राय आइस

याच टप्प्यावर सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे थर्माकोलचे खोके, बाहेरून पुठ्ठ्याचे मजबूत आवरण आणि आत ड्राय आइस, ही नेहमीची रीत आहे. बाहेरून ५० × ४० × ४० सेंटिमीटरचे खोके घेतले आणि भिंत ४ सेंटिमीटरची असली, तर बाहेरून ८० लिटर जागा व्यापणाऱ्या खोक्यात आत फक्त ४३ लिटर जागा उरते. जाड भिंत उष्णता अडवते आणि त्याच वेळी जागा खाते. दोन्ही बाजू तोलूनच खोके निवडावे.

भाडे ठरते ते प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतील मोठ्या आकड्यावर. एअर कार्गोत घन सेंटिमीटरला ६००० ने भागतात, म्हणजे वरच्या खोक्याचे आकारमानाचे वजन सुमारे १३.३ किलो, कुरिअर कंपन्या बहुधा ५००० ने भागतात, तेव्हा तेच १६ किलो होते. आता त्यात १४ किलो मोदक, ६ किलो ड्राय आइस आणि १ किलो खोके धरले, तर प्रत्यक्ष वजन २१ किलो भरते आणि भाडे २१ किलोंचे द्यावे लागते, जरी विकायला माल १४ किलोच असला तरी. ग्राहकाला किंमत सांगण्यापूर्वी हा हिशेब करावा. नंतर केला तर नफा ड्राय आइसबरोबर उडून गेलेला असतो.

ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड. उणे ७८.५ अंशांवर तो वितळत नाही, थेट वायू होतो आणि एका किलोपासून ५०० लिटरांहून अधिक वायू तयार होतो. म्हणून खोके कधीही हवाबंद करू नये. चिकटपट्टीने सगळ्या फटी बंद केलेले खोके फुगून फुटू शकते. हातमोजे घालावेत आणि ड्राय आइस भरलेल्या खोक्यांसह बंद काचांच्या गाडीत बसू नये. हे मी कळकळीने लिहितो, कारण वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि माणसाला गुंगी येईपर्यंत समजत नाही.

विमान वाहतुकीच्या नियमांत ड्राय आइस धोकादायक मालांत मोडतो. त्याचा क्रमांक यूएन १८४५, वर्ग ९, पॅकिंग सूचना ९५४. एका खोक्यात जास्तीत जास्त २०० किलो चालतो. खोक्यावर वर्ग ९चे लेबल, यूएन क्रमांक, ‘ड्राय आइस’ हे नाव आणि त्याचे निव्वळ वजन किलोमध्ये लिहावे लागते, तसेच पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता. अन्न थंड राखण्यासाठीच वापरला असेल तर धोकादायक मालाचे वेगळे शिपर्स डिक्लरेशन (पाठवणाऱ्याचे घोषणापत्र) लागत नाही, परंतु एअरवे बिलावर हीच माहिती, खोक्यांची संख्या आणि प्रत्येकातील वजन यांसह यायलाच हवी. गोदामातला स्वीकृतीचा कर्मचारी ठरलेली तपासणी यादी घेऊन एकेक बाब पाहतो आणि खोक्यावर ६ किलो व एअरवे बिलावर ५ किलो असा फरक दिसला की माल परत. प्रत्येक विमानात किती ड्राय आइस चालेल याला मर्यादा असते, लहान विमानांत ती कमी असते आणि जिवंत प्राणी जवळ ठेवता येत नाहीत. त्यामुळे बुकिंग करताना एकूण ड्राय आइसचे वजन आधीच कळवावे.

ड्राय आइस किती घालावा, या प्रश्नाला पुस्तकी उत्तर मिळेल, पण मी ते स्वीकारत नाही. आपल्या खोक्याची चाचणी आपणच घ्यावी. भर उन्हाळ्यात, पंखा नसलेल्या खोलीत, नेमका पाठवायचा तेवढा माल आणि ड्राय आइस भरून खोके काट्यावर ठेवावे आणि दर सहा तासांनी वजन टिपावे. कमी झालेले वजन म्हणजे उडालेला ड्राय आइस. आत डेटा लॉगर, म्हणजे तापमान सतत नोंदवणारे छोटे यंत्र, ठेवला तर उणे १८ किती तास टिकले तेही कळते. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ अंशांपर्यंत जातो. अशा दिवशी घेतलेली चाचणी वर्षभर उपयोगी पडते. ड्राय आइस शक्यतो मालाच्या वर ठेवावा, कारण गार वायू जड असतो आणि खाली उतरतो.

चिल्ड मालात ड्राय आइस घालू नये. त्याला लागून असलेला पदार्थ गोठून खराब होतो. तेथे शून्याच्या थोडे वरच्या तापमानावर तयार केलेले जेल पॅक वापरावेत आणि पॅक व माल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा थर ठेवावा.

विमान ठरवणे आणि उलटा हिशेब

बडोद्याहून माल सहसा रस्त्याने अहमदाबादला किंवा मुंबईला जातो. अहमदाबाद ११० किलोमीटरच्या आसपास आणि एक्स्प्रेसवेने दोन-अडीच तासांवर. मुंबई चारशेहून अधिक किलोमीटर दूर, मात्र तेथून थेट विमाने पुष्कळ. पहिली खेप आखाताकडे असेल तर मी अहमदाबाद आणि थेट विमान यांनाच पसंती देतो, भाडे किलोमागे काही रुपये जास्त पडले तरी. मध्ये दुसऱ्या विमानतळावर बदल असला की आणखी दोन वेळा चढ-उतार आणि आणखी एकदा तापलेली धावपट्टी आलीच.

उलटा हिशेब असा मांडावा. विमान पहाटे ४ वाजता सुटणार असेल, तर एअरलाइनच्या गोदामाचा कट-ऑफ, म्हणजे माल स्वीकारण्याची शेवटची वेळ, फॉरवर्डरकडून (विमान वाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाकडून) लेखी घ्यावा. समजा तो रात्री १० आहे. त्याआधी वजन, एक्स-रे, ड्राय आइसची तपासणी आणि कस्टमचा लेट एक्स्पोर्ट आदेश (माल बाहेर जाऊ देण्याची परवानगी) एवढे व्हायचे असते; त्यासाठी मी निदान चार तास धरतो. म्हणजे माल संध्याकाळी ६ पर्यंत पोहोचायला हवा, म्हणजे दुपारी ३ ला मकरपुऱ्याहून रिफर (शीतपेटीची) गाडी निघायला हवी आणि गाडीची पेटी तासभर आधी गार केलेली हवी. खोक्यांची भरणी दुपारी २ ला. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. तीन तासांच्या उड्डाणानंतर तेथे पहाटे साडेपाचच्या सुमारास विमान उतरेल आणि आयातदाराच्या शीतगृहात माल जाईपर्यंत दुपार होईल. एकूण साधारण २४ तास झाले. खोके मात्र ४८ तासांच्या तयारीने भरावे. दुपटीचा हा नियम मला एका कटू अनुभवातून मिळाला.

आखातात शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची तेव्हाची ही गोष्ट. गुरुवारी पहाटेच्या विमानाची माझी खेप एका दिवसाने पुढे ढकलली गेली, शुक्रवारी तेथे उतरली आणि फॉरवर्डरने आयातदाराला कळवलेच नाही. रविवारी सकाळी खोकी उघडली तेव्हा मोदकांची उकड पातळ झाली होती आणि ड्राय आइसचा कणही उरला नव्हता. उड्डाणाची आणि रस्त्याची सगळी कामे व्यवस्थित झाली होती. माल गेला तो एका सुट्टीमुळे आणि न केलेल्या एका फोनमुळे. तेव्हापासून पोहोचण्याच्या देशाची आठवडी सुट्टी आणि सणांचे दिवस मी आधी पाहतो. अमिरातीत २०२२च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असते, शारजात शुक्रवारही पूर्ण सुट्टीचा. सौदी अरेबियात अजूनही शुक्रवार-शनिवार. आठवड्याच्या सुरुवातीला उतरणारे विमान निवडावे.

बुकिंग करताना हाताळणीचे संकेत एअरवे बिलावर आले आहेत ना, ते पाहावे: नाशवंत मालाला पीईआर, चिल्ड मालाला सीओएल (विमान कंपन्या त्यासाठी २ ते ८ अंश धरतात), गोठलेल्याला एफआरओ, ड्राय आइसला आयसीई. हे संकेत नसतील तर कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ते एक साधे खोके असते आणि ते साध्या शेडमध्ये राहते. एअरवे बिलाच्या ११ अंकी क्रमांकावरून माल कुठे आहे ते एअरलाइनच्या संकेतस्थळावर दिसते; पहिले तीन अंक एअरलाइनचे असतात. माल कुठपर्यंत कोणाच्या जोखमीवर आणि खर्चाने जाणार हे सांगणाऱ्या सौद्याच्या अटींत आपल्याकडे सवयीने एफओबी (जहाजावर चढवेपर्यंत विक्रेत्याकडे) लिहितात. ती अट जहाजासाठी आहे. विमानाला एफसीए (वाहतूकदाराच्या हाती देईपर्यंत विक्रेत्याकडे), किंवा भाडे आपण देणार असू तर सीपीटी लिहावे, म्हणजे जोखीम नेमकी कुठे बदलते ते स्पष्ट राहते.

पाठवण्याचा दिवस आणि त्यानंतर

प्रत्येक खेपेत निदान एका खोक्यात, मालाच्या मधोमध, डेटा लॉगर ठेवावा. त्यात लिथियमची छोटी बॅटरी असते, म्हणून एअरलाइनला आधी कळवावे. भरतानाचे तापमान दिसेल असे छायाचित्र, बंद केलेल्या खोक्याचे छायाचित्र आणि लेबलांचे छायाचित्र काढून आयातदाराला त्याच दिवशी पाठवावे. कागदांचा एक संच खोक्याबरोबर जातो. दुसरा ईमेलने आधीच पोहोचलेला असावा. विमान सुटल्याची खात्री रात्री जागून करावी लागते आणि पहिल्या काही खेपांना मी ती जागरणे टाळू देत नाही, कारण माल मागे राहिला असेल तर पहाटे ४ वाजता गोदामातून त्यावर नवा ड्राय आइस घालून घेण्यास वेळ असतो, सकाळी १० वाजता नसतो.

पलीकडे माल घेताना आयातदाराने खोके उघडून तापमान घ्यावे आणि बिघाड दिसला तर पोच-पावतीवरच शेरा लिहावा. मॉन्ट्रियल करारानुसार, म्हणजे विमान कंपनीची जबाबदारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. २८ डिसेंबर २०२४पासून विमान कंपनीची भरपाईची मर्यादा किलोला २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे सुमारे तीन हजार रुपये आहे. मोदक-पुरणपोळीची किंमत किलोला त्याहून कमीच असते, त्यामुळे मर्यादा आड येत नाही. आड येते ती पुराव्याची उणीव. पॅकिंग सदोष होते किंवा बिघाड मालाच्या स्वभावामुळे झाला, असे विमान कंपनीने दाखवले की ती जबाबदारीतून सुटते. त्याला उत्तर म्हणून मे महिन्यातल्या चाचणीच्या वजनांची वही आणि लॉगरचा आलेख पुढे ठेवता येतो. विमा घेतला असेल तरी नेहमीच्या पॉलिसीत उशिरामुळे आलेला बिघाड बहुधा धरत नाहीत. तापमानातील बदलाचे संरक्षण वेगळे मागून पॉलिसीत शब्दशः लिहून घ्यावे लागते.

लॉगर परत आल्यावर, किंवा त्याची फाइल ईमेलने मिळाल्यावर, आलेखातला प्रत्येक चढ वेळेच्या नोंदीशी ताडून पाहावा. रेषा एखाद्या ठिकाणी तासाभरासाठी वर चढलेली दिसते आणि ती जागा बहुतेक वेळा उड्डाणातली नसते. ती गोदामाच्या दारातली, विमानाशेजारच्या फलाटावरची किंवा आपल्याच युनिटच्या ओट्यावरची असते. ओट्यावरची असेल तर पुढच्या खेपेला गाडी उभी राहण्यापूर्वी कोल्ड रूमचे दार उघडू नये, एवढा बदल त्याच दिवशी कामगारांना सांगून टाकावा.